पगारपत्रक कसे वाचावे: पावणेचार लाखांच्या पॅकेजमधून हातात पंचवीस हजारच का येतात

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतले कोणी ना कोणी जिन्यात गाठून मोबाइल पुढे करते आणि विचारते, "काका, सांगितला होता एवढा, मग जमा एवढाच कसा झाला?" गेली बावीस वर्षे मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे आणि गोदामांचे पगार तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे लोकांना वाटते की बँकेचा एसएमएस पाहून मला उत्तर देता येईल. तसे ते देता येत नाही. एसएमएसमध्ये फक्त शेवटचा आकडा असतो. तो कशातून उरला हे पगारपत्रकात लिहिलेले असते, आणि मी ते मागितले की दहांतल्या सहा-सात जणांकडे ते नसते. कोणी कधी डाउनलोड केलेले नसते, कोणाला ठेकेदाराने कधी दिलेलेच नसते. म्हणून हे पत्रक कसे वाचायचे आणि त्यातल्या कोणत्या रकमा दर महिन्याला ताडून पाहायच्या, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

एकाच पगाराचे तीन आकडे

महापे येथील एका गोदामात सुपरवायझर म्हणून नुकत्याच लागलेल्या तरुणाचे उदाहरण घेऊ. नियुक्तिपत्रात वर्षाला ३,७५,००० रुपये लिहिलेले आहेत. घरात पेढे वाटले गेले, आणि बाराने भागून दरमहा ३१,२५० रुपये येतील असा हिशोब सगळ्यांनी मनाशी केला. हा जो आकडा आहे त्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे त्या कामगारापायी कंपनीला येणारा सगळा खर्च. त्यात कामगाराच्या हातात कधीच न येणाऱ्या रकमाही मोजलेल्या असतात.

त्या ३१,२५० रुपयांत मूळ पगार १५,०००, घरभाडे भत्ता ७,५००, प्रवास भत्ता ३,००० आणि गणवेशाचा धुलाई भत्ता १,५०० असे मिळून २७,००० रुपये होतात. हा एकूण पगार, ज्याला आपण सगळे ग्रॉस म्हणतो. उरलेल्या ४,२५० रुपयांची फोड अशी: भविष्यनिर्वाह निधीतला (म्हणजे पीएफमधला) कंपनीचा वाटा १,८००, त्या निधीचे प्रशासकीय शुल्क आणि त्याला जोडलेल्या विम्याची वर्गणी मिळून १५०, ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेची, तरतूद ७२१, वर्षातून एकदा मिळणाऱ्या बोनसचा मासिक हिस्सा १,२५० आणि आरोग्य विम्याचा हप्ता ३२९. यांपैकी एकही रक्कम महिन्याच्या पगारात दिसणार नाही. बोनस निदान दिवाळीच्या सुमारास हाती पडतो. ग्रॅच्युइटी मात्र सर्वसाधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्याशिवाय मिळत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतर ती मिळते. आपल्या सुपरवायझरने तीन वर्षांनी नोकरी बदलली तर पॅकेजमध्ये मोजलेले २५,९५६ रुपये त्याला मिळणारच नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत पॅकेज ऐकल्यावर "यातले ग्रॉस किती आणि त्यात मूळ पगार किती?" हे विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये. मी स्वतः उमेदवारांना हे न विचारताही सांगतो, कारण पहिल्याच पगाराच्या दिवशी माणसाचा विरस झाला की तो मन लावून काम करत नाही.

तिसरा आकडा निव्वळ पगाराचा, म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचा. ग्रॉस २७,००० मधून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केला की २५,००० उरतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असल्यामुळे २४,९०० येतात. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापले जातात म्हणून २४,९७५ येतात. वर्षातून तीन वेळा पगार थोडा कमी का आला, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

मूळ पगाराकडे इतके लक्ष का द्यायचे

पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस आणि ओव्हरटाइम या सगळ्यांचा पाया मूळ पगार आणि असल्यास महागाई भत्ता हाच असतो. म्हणूनच पूर्वी अनेक आस्थापना मूळ पगार तीस-पस्तीस टक्क्यांवर ठेवून बाकीची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत वाटत असत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने त्याला आळा घातला आहे: वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. यामुळे आपला हातातला पगार घटेल अशी धास्ती अनेकांनी घेतली. ज्यांचा पीएफ १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर कापला जातो त्यांच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही, आणि ज्यांचा त्याहून अधिक कापला जाईल त्यांची ती रक्कम त्यांच्याच खात्यात साठणार आहे.

आधी वरचा भाग वाचावा

बहुतेक जण पत्रक उघडले की थेट खालचा ठळक आकडा पाहतात. माझी विनंती अशी की सुरुवात वरच्या चौकटीपासून करावी. तेथे नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पॅन, बँक खाते, बारा अंकी युएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) आणि लागू असल्यास दहा अंकी ईएसआय (राज्य कामगार विमा) क्रमांक असतो. नावातले एखादे अक्षर किंवा रुजू होण्याची तारीख आधार आणि पीएफच्या नोंदीशी जुळत नसेल, तर त्याचा त्रास आज जाणवत नाही. नोकरी सोडून पीएफ काढायच्या किंवा नव्या खात्यात वळवायच्या वेळी मात्र अर्ज परत येतो, आणि तोवर जुन्या कंपनीतला माणूस फोन उचलेनासा झालेला असतो. पीएफ क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरेही पाहून ठेवावीत: टीएच-टीएचए म्हणजे खाते ठाणे कार्यालयाकडे आणि टीएच-व्हीएसएच म्हणजे वाशी कार्यालयाकडे. तक्रार कोठे न्यायची हे त्यावरून कळते.

त्यानंतर दिवस. महिन्याचे दिवस, हजेरीचे दिवस, भरपगारी रजा, साप्ताहिक सुट्या आणि बिनपगारी दिवस, ज्यासमोर पत्रकात बहुधा एलओपी असे लिहिलेले असते. तीस दिवसांच्या महिन्यात दोन दिवस बिनपगारी पडले तर आपल्या सुपरवायझरचे ग्रॉस २५,२०० होते. मूळ पगारही १४,००० वर येतो, म्हणून पीएफ १,६८० कापला जातो आणि हातात २३,३२० रुपये येतात. येथे एक गोष्ट विचारून घ्यावी: एका दिवसाचा पगार काढताना भागाकार तीसने होतो की सव्वीसने? २७,००० रुपयांचा दिवस तीसने भागल्यास ९०० रुपयांचा आणि सव्वीसने भागल्यास १,०३८ रुपयांचा पडतो. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. मात्र कपात करताना सव्वीसने आणि शिल्लक रजेचे पैसे देताना तीसने भागणारी मंडळीही मी पाहिली आहेत, आणि त्याला माझ्या लेखी लबाडी हाच शब्द आहे.

ओव्हरटाइम केला असेल तर त्याचे तास आणि रक्कम वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे आणि दर सामान्य दराच्या दुप्पट असला पाहिजे. पाकिटातून रोख दिलेला ओव्हरटाइम पत्रकात येत नाही, म्हणजे उद्या काही वाद झाला तर ते काम आपण केलेच नव्हते असे ठरते.

कपातीची बाजू

पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापला जातो आणि मालकालाही तेवढाच वाटा घालावा लागतो. येथे सर्वांत जास्त गैरसमज होतात. आपल्या उदाहरणातला तरुण पासबुक उघडतो तेव्हा त्याला स्वतःच्या रकान्यात १,८०० आणि कंपनीच्या रकान्यात फक्त ५५० दिसतात, आणि कंपनीने १,२५० रुपये खाल्ले असे त्याला वाटते. तसे झालेले नसते. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, १५,००० च्या मर्यादेत म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ते तिसऱ्या रकान्यात दिसतात. तिन्ही रकाने मिळून ३,६०० भरले की हिशोब पुरा झाला.

ज्यांचे ग्रॉस २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते; १८,००० रुपये पगारावर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५. या १३५ रुपयांवर कुरकुर करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की या एवढ्या पैशांत कुटुंबासह उपचार मिळतात, वाशी सेक्टर ५ मधले किंवा वागळे इस्टेटमधले कामगार विमा रुग्णालय जवळच आहे, आणि सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा असतात. जुलैमध्ये पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी सप्टेंबरअखेर कपात चालूच राहते, ती चूक नसते. ओव्हरटाइमची रक्कम ही मर्यादा ठरवताना धरत नाहीत, पण वर्गणी तिच्यावरही लागते. त्यामुळे जास्त तास केलेल्या महिन्यात ईएसआय थोडा जास्त कापलेला दिसेल.

व्यवसाय कर, म्हणजे पीटी, हा महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याने येतो. पुरुषांना ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यापुढे २०० रुपये; वर्षाची बेरीज २,५०० व्हावी म्हणून फेब्रुवारीत ३००. महिलांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. हे पुष्कळ महिलांना ठाऊक नसते. रबाळ्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये काम करणाऱ्या एक ताई मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे कागद जुळवायला माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचे ग्रॉस १८,००० होते आणि प्रत्येक पत्रकावर पीटीसमोर २०० (फेब्रुवारीत ३००) छापलेले होते. वरच्या चौकटीत नावापुढे "पुरुष" अशी नोंद होती. संगणकात भरताना कोणीतरी चुकीचा पर्याय निवडला होता, आणि अकरा महिन्यांत, फेब्रुवारी धरून, २,३०० रुपये गेले होते. त्यांनी अकराही पत्रकांच्या प्रती जोडून साधा अर्ज दिला आणि पुढच्या पगारात रक्कम परत आली. "मी रोज सही करत होते, पण वर काय लिहिलंय ते कधी वाचलंच नाही," असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचा नव्हे, आमच्या पेशाचा राग आला.

प्राप्तिकराबाबत थोडक्यात: नव्या कररचनेत, आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून, प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर लागत नाही. त्याखाली पगार असूनही टीडीएस, म्हणजे पगारातूनच वळता केलेला प्राप्तिकर, कापलेला दिसला तर लगेच विचारणा करावी. जुनी कररचना निवडून घरभाड्याची सवलत घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरासाठी मूळ पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादा लागते. ५० टक्के मुंबईतल्या घराला मिळतात.

राहिली उचल, कँटीन, दंड वगैरे. उचल घेतली असेल तर हप्ता आणि शिल्लक दोन्ही पत्रकात असावेत. दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि चुकीच्या दिवसापासून ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत.

कापले म्हणजे भरले असे नाही

वरचे सगळे नीट जुळले तरी काम अर्धेच झालेले असते. माझी पहिली नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात होती. पत्रकावर दर महिन्याला पीएफ कापल्याची ओळ असायची, आणि मी निश्चिंत होतो. त्या काळी युएएन नव्हता, मोबाइलवर पासबुक नव्हते. वर्षाअखेरीला खात्याची एक कागदी स्लिप यायची. ती आली तेव्हा नऊ महिन्यांचे रकाने कोरे होते. मालकाने पैसे माझ्या पगारातून कापले होते आणि भरलेच नव्हते. आईने घरभाड्याच्या पावत्यांच्या पिशवीत माझी सात पत्रके घडी करून ठेवली होती; त्या सात महिन्यांची वसुली चौकशीत वेळाने का होईना पण झाली. दोन महिन्यांची पत्रके सापडली नाहीत, आणि त्या पैशांसाठी मी घातलेल्या फेऱ्या अखेर वायाच गेल्या.

आज ही पडताळणी पाच मिनिटांची आहे. मालकाने पीएफ आणि ईएसआय या दोन्हींची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून प्रत्येक महिन्याच्या २० तारखेच्या आसपास उमंग अॅपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर पासबुक उघडावे, मागच्या महिन्याची नोंद पाहावी आणि ती पत्रकातल्या आकड्याशी ताडावी. इंटरनेट जमत नसेल तर युएएनशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावा, शेवटच्या भरण्याची रक्कम संदेशाने येते. एखादा महिना उशीर होऊ शकतो. सलग दोन महिने नोंद आली नाही तर लेखी विचारावे, कारण कामगाराच्या पगारातून कापून न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि मालकांनाही हे पुरते ठाऊक असते.

ठेकेदाराकडे असाल तर

तुर्भे, रबाळे, तळोजा या भागांत निम्मी कामे ठेकेदारांमार्फत चालतात, आणि पत्रकाची सर्वांत जास्त गरज असलेल्यांनाच ते मिळत नाही. नवी वेतन संहिता प्रत्येक मालकावर पगारपत्रक देण्याचे बंधन घालते. ते छापील असो की मोबाइलवर. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि नोकरी सुटल्यावर सगळा हिशोब कामाच्या दोन दिवसांत झाला पाहिजे, हेही त्याच संहितेत आहे. एक प्रकार विशेष सांगण्यासारखा आहे. बँकेत किमान वेतनाएवढी पूर्ण रक्कम जमा होते, पत्रकही चोख असते, आणि दोन दिवसांनी मुकादम प्रत्येकाकडून दीड-दोन हजार रोख परत गोळा करतो. कागदावर यात काहीच दिसत नाही. अशा वेळी जमा झाल्याचा एसएमएस, पैसे काढल्याची तारीख आणि कोणाला किती दिले याची वहीत नोंद ठेवावी आणि एकट्याने न जाता चार-पाच जणांनी मिळून ठाण्याच्या कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जावे. कोऱ्या किंवा पेन्सिलीने भरलेल्या पगार रजिस्टरवर सही करू नये.

तक्रार करायची झाली तर आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल किंवा पोच घेतलेला अर्ज द्यावा आणि त्यात महिना, पत्रकातली ओळ, तुमच्या मते बरोबर असलेला आकडा एवढेच लिहावे. पीएफसाठी त्या खात्याच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर युएएन घालून तक्रार नोंदवता येते. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, म्हणून निदान तेवढ्या काळाची पत्रके जवळ असायला हवीत. घरकर्जाला बँक तीनच महिन्यांची मागते, पण ती वेगळी गोष्ट. नोकरी सोडण्याचे ठरले की राजीनामा देण्याआधी कंपनीच्या पोर्टलवरून सगळी पत्रके आणि दर वर्षीचा फॉर्म १६ (कापलेल्या प्राप्तिकराचा दाखला) स्वतःच्या ईमेलवर उतरवून घ्यावा, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी पासवर्ड बंद होतो, आणि पुढे तीच पत्रके मिळवायला माणसे माझ्यासारख्याच्या टेबलापुढे दुपारभर बसून राहतात.